जांभळ्या उजेडातली बोटं

मी दिवा बोलतोय. देवापुढचा नव्हे, रस्त्यावरचा नव्हे, टेबलावरचाही नव्हे. माझ्या उजेडात तुम्हाला पेपर वाचता येणार नाही की सुईत दोरा ओवता येणार नाही. मला पेटवायचं तर आधी खोलीतले सगळे दिवे घालवावे लागतात, पडदे ओढून घ्यावे लागतात. मग मी मंद जांभळा होतो. माझा खरा उजेड तर माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही. तो कशावर तरी पडून परत आला, तरच दिसतो.

नेरूळला, स्टेशनपासून सात मिनिटांच्या अंतरावर, एका औषधाच्या दुकानाच्या वर डॉक्टर गीतांजली यांचा त्वचारोगाचा दवाखाना आहे. मी तिथला. दिसायला मोठ्या भिंगासारखा. मधे गोल काच, तिच्या कडेने चार काळ्या नळ्या, खाली धरायला मूठ. डॉक्टर मला वुड्स लॅम्प म्हणतात. दवाखान्यात सगळी वरकड कामं बघणारी राहीबाई मला 'जांभला बल्ब' म्हणते. राहीबाई जुन्या नेरूळ गावातली. तिच्या बोलीत 'ळ'ला जागा नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. जन्माचं फारसं आठवत नाही. एका माणसाने मला अंधाऱ्या खोक्यात धरलं, पेटवलं, एका कागदावरच्या खुणा चमकल्या, आणि तो म्हणाला, "ओके." एवढंच माझं बारसं. मग थर्माकोल, मग ट्रक, मग वाशीला डॉक्टरांच्या कुठल्याशा संमेलनात एक स्टॉल. तिथून गीतांजली मॅडमनी मला उचललं. तेव्हा त्यांचा दवाखाना नवा होता. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता.

माझं काम काय, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माणसाच्या कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या कधी कधी मरतात, का मरतात ते नीटसं कुणालाच सांगता येत नाही. मग तिथे पांढरा डाग उठतो. लोक त्याला कोड म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. अशा जागी कातडीत टेरिन नावाची द्रव्यं साठत जातात. माझा न दिसणारा उजेड ती धरतात आणि निळसर पांढरा करून परत देतात. बाकी सगळी कातडी जांभळी काळपट राहते आणि डाग खडूने रंगवल्यासारखा झळकतो. मॅडम पेशंटना समजावताना सांगतात, "हा शब्द पंखावरून आलाय. फुलपाखराच्या पंखात ही द्रव्यं पहिल्यांदा सापडली. इंग्रजीत लिहिताना पुढे एक मुका पी असतो." पेशंट मान हलवतात. त्यांचं लक्ष ना पंखाकडे असतं, ना मुक्या पीकडे.

खरी भीती पुढेच आहे. डोळ्यांना अजून दिसत नसलेला डागही मला दिसतो. माणूस एक डाग घेऊन येतं आणि मी त्याला सहा दाखवतो. म्हणून मी पेटलो की समोरचं माणूस श्वास रोखतं. मीही रोखला असता, मला असता तर.

शिवाय मी फसवाही आहे. अंगावर राहिलेला साबण, ओठांवरचं मलम, पावडरने धुतलेला सदरा, हे सगळं माझ्या उजेडात चमकतं. म्हणून राहीबाई दारातच विचारते, "साबन नीट धुतलास ना गो? तोंडाला काय लावून आली नाय ना?" तपासणीच्या टेबलावर ती काळं कापड अंथरते. त्यावर कापसाचे, बँडेजचे बारीक धागे पडलेले असतात. दिवसाउजेडी ते फारसे नजरेत भरत नाहीत, मी पेटलो की चांदण्यांसारखे लखलखतात. राहीबाई ते एकेक वेचते. मला हात लावायला मात्र ती घाबरायची. माझ्या उजेडाने हात भाजतो असं तिच्या मनात पक्कं होतं.

शर्मिला पहिल्यांदा आली ती गेल्या वर्षी जानेवारीत, दुपारी तीनच्या सुमाराला. वय पस्तिशीच्या आसपास, मूळ महाडकडची, राहायला करंजाड्याला. सीबीडी बेलापूरच्या एका ऑफिसात ती आणि तिच्या बचत गटातल्या तिघी जणी मिळून कॅन्टीन चालवायच्या. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं पांढरी झाली होती.

"तेल उडालं होतं," ती बसता बसता म्हणाली.

मॅडमनी बोटं हातात घेतली, उलटसुलट बघितली. "किती दिवस झाले?"

"चार महिने असतील."

"चार महिन्यांत भाजलेलं भरून येतं, शर्मिलाताई."

शर्मिलाने बोटं मुठीत मिटली. मग म्हणाली, "मी घरी पण तेलच सांगितलंय. अंकुशला. माझ्या मिस्टरांना."

पडदे ओढले गेले. मॅडमनी मला पेटवलं, मिनिटभर तापू दिलं आणि तिच्या बोटांवर धरलं. तिन्ही टोकं झळकली. एवढं तिला अपेक्षित होतं. पण मॅडम मला हळूहळू वर नेत होत्या, मनगटावरून कोपरापर्यंत, मग चेहऱ्याकडे. मला कळत होतं की आपण जिथे चाललोय तिथे काहीतरी आहे. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना, आणि डाव्या पापणीवर, तांदळाएवढे तीन ठिपके उजळले. दिवसाच्या प्रकाशात तिथे काहीही दिसत नव्हतं.

मॅडमनी मला परत पापणीवर आणलं. तेवढ्यात शर्मिलाला समजलं.

"काय दिसलं?"

मॅडम पेशंटशी खोटं बोलत नाहीत. त्यांनी तिच्या हातात आरसा दिला. ती त्या अंधारात स्वतःकडे बघत होती, आणि ते बघायला उजेड माझा होता. तिने आरसा जवळ आणला, मग लांब नेला.

"हे उद्या बाहेर दिसणार?"

"दिसेलच असं नाही. लवकर आलात, हे चांगलं झालं. गोळ्या, मलम आणि आठवड्यातून दोनदा इथे प्रकाशाचे उपचार. हा कुष्ठरोग नाही, हे आधी डोक्यात घ्या. कुणाला लागत नाही. शिवल्याने नाही, खाण्यातून नाही."

"मला समजलं मॅडम," शर्मिला म्हणाली. "पण माझ्या हातची पोळी खाणाऱ्याला कोण समजावणार?"

त्या दिवसापासून ती हातमोजे घालून काम करायला लागली. स्वच्छतेसाठी, असं तिने ऑफिसात सांगितलं. लोकांनी कौतुकही केलं. भाकरी थापताना, फोडणी देताना, ताट पुढे करताना, सतत ते पातळ प्लास्टिक. संध्याकाळी बोटं पांढरी फटक होऊन सुरकुतायची. महिन्यातून एकदा ती माझ्यासमोर बसायची आणि दरवेळी एकच प्रश्न विचारायची, "आहे का काही?" मला त्या प्रश्नाची धास्ती बसली होती. मॅडमनी मूठ धरली की मी मनातल्या मनात म्हणायचो, आज नवीन काही दाखवायला लागू नये.

चार महिने नवीन काही निघालं नाही. ओठांच्या एका कोपऱ्यात रंग परत आला. घरी अंकुशला तिने खरं सांगून टाकलं होतं. तो पुढच्या वेळी बरोबर आला, जिन्यातच थांबला, आणि निघताना दारात येऊन मॅडमना एवढंच विचारून गेला, "गोळ्या जेवणाआधी की नंतर?"

मग मे महिन्यात घात झाला. भाकरी उलटताना तव्याची कड लागून हातमोजा फाटला आणि काउंटरपलीकडच्या कुणीतरी तिची बोटं बघितली. दुसऱ्या दिवशी तक्रारपेटीत नाव नसलेली चिठ्ठी पडली. आठवडाभराने शर्मिला दवाखान्यात आली ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर कॅन्टीन कमिटीवरचे नंदकिशोर होते. पन्नाशीचे कारकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाईल, आणि चेहऱ्यावर ओशाळेपण.

"मॅडम, माझं पर्सनली काहीच म्हणणं नाही," ते बसायच्या आधीच म्हणाले. "मी तर रोज यांच्याकडे जेवतो. पण लोकं बोलतात. कमिटीत ठरलंय की चारही बायकांना एकदा चेक करून घ्यायचं. तुमच्याकडे तो दिवा आहे ना, त्यात म्हणे आतलं सगळं दिसतं."

भिंतीवर टांगलेला मी ते ऐकत होतो. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. अंधारात रांगेत उभ्या केलेल्या चार बायका, त्यांच्या पसरलेल्या हातांवरून फिरणारा मी, आणि दाराशी फाईल घेऊन टिपणारं कुणीतरी. आजार शोधायला मला बनवलंय. पण धरून द्यायला मला वापरलं, तर मी नाही कसं म्हणणार? मला तोंड नाही. बटण दाबलं की मी पेटणार.

"बाकीच्या तिघींना काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

"तसं काही नाही."

"मग मी त्यांना कशासाठी तपासू? शर्मिलाताई माझ्या पेशंट आहेत. त्यांना काय आहे ते मी त्यांनाच सांगते. तुम्हाला पत्र हवं असेल तर देते, की पांढरे डाग संसर्गजन्य नसतात आणि त्या स्वयंपाक करायला पूर्ण फिट आहेत."

"द्या ना. मी बोर्डावर लावतो. पण खरं सांगू का मॅडम, पत्र कोणी वाचत नाही."

 शर्मिला उठली आणि तिने स्वतःच एक पडदा ओढला.

"मॅडम, लावा दिवा."

"ताई, काही गरज नाही. कुणाला दाखवायची तुमच्यावर सक्ती नाही."

"सक्ती नाहीच. मीच सांगते. साहेबांना एकदाचं बघू दे."

मॅडमनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग राहीबाईला खूण केली. खोली काळोखी झाली, मी पेटलो. शर्मिलाने उजवा हात काळ्या कापडावर ठेवला. तिची तीन बोटं निळसर पांढरी झळकली. नंदकिशोरांचा शर्ट तर त्याहून लख्ख पेटला होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. ते त्या बोटांकडे बघत होते.

"दिसलं?" शर्मिला म्हणाली. "आता धरा."

"काय?"

"माझा हात धरा, साहेब. बोटं धरा."

ते थबकले. मी तो थबकलेला क्षण पाहिला. त्यांचा हात फाईलीवरून उचलला गेला, मधेच थांबला, बोटं किंचित मिटली.  शर्मिला हात मागे घेत नव्हती.  शेवटी नंदकिशोरांनी तिची बोटं धरली. आधी नुसती टेकवली, मग खरंच धरली.

"आता सोडा आणि तुमचा हात बघा."

त्यांनी स्वतःचा तळवा माझ्याखाली धरला. उताणा, पालथा, पुन्हा उताणा. काळपट जांभळा, साधा हात. काहीही लागलेलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या अंगठ्याने तो चोळूनही बघितला. नखं थोडी चमकली, ती सगळ्यांचीच चमकतात.

"काय नाय लागत," कोपऱ्यातून राहीबाई म्हणाली. "मी रोज धरतंय नं लोकांचं हात."

पडदे उघडल्यावर नंदकिशोरांनी पत्र घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. जाताना शर्मिलाला म्हणाले, "सॉरी हं." कशाबद्दल, ते बोलले नाहीत.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. पुढच्या भेटीत शर्मिलाने जे सांगितलं ते असं. चौघींना तपासायची गोष्ट कमिटीने सोडून दिली. पण कुणीतरी सुचवलं की शर्मिलाने जेवणाला हात न लावता नुसतं कूपनांपाशी बसावं. ती नाही म्हणाली. तिने हातमोजे घालणंही सोडलं. "आतल्या आत कुजायला लागली होती बोटं," ती म्हणाली. वरच्या मजल्यावरची सात-आठ माणसं घरून डबा आणू लागली. नंदकिशोर पहिल्या दिवशी आले आणि नुसता चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली, काउंटरसमोर उभं राहूनच खाल्ली, सगळ्यांना दिसेल अशी. "खाताना मला बघत पण नव्हते," शर्मिला म्हणाली, "पण दोन खाल्ल्या."

मला बरं वाटलं. पण तेव्हाच माझ्या आत एक वेगळीच काळजी सुरू झाली होती, आणि ती मला कुणाला सांगता येत नव्हती.

माझ्या नळ्या म्हाताऱ्या होत होत्या. वाईट गोष्ट अशी, की ते बाहेरून कळत नाही. जांभळा रंग तसाच दिसतो. कमी होतो तो न दिसणारा उजेड, म्हणजे मी स्वतः. दर आठवड्याला मला जाणवत होतं की डागांकडून परत येणारं निळं पांढरं फिकट होतंय. डाग बरे होत नव्हते. मी विझत होतो.

सप्टेंबरात शर्मिला आली. तिला उत्साह होता. आठ महिने नवीन काही नव्हतं, आज सगळं ठीक असेल तर गोळ्या बंद करू असं मॅडमनी कबूल केलं होतं. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, वजन वाढलं होतं. पडदे ओढले. "आहे का काही?" तिने नेहमीसारखं विचारलं.

मॅडमनी मला बोटांवरून नेलं, ओठांवरून, पापणीवरून. मग डाव्या कानामागे. तिथे मला दोन ठिपके जाणवले. नवीन. केसांच्या कडेला, मोहरीएवढे. मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. पण दिव्याने जोर लावायचा म्हणजे काय? ठिपक्यांनी जे परत दिलं ते इतकं क्षीण होतं की मॅडमच्या डोळ्यांपर्यंत पोचलंच नाही.

"छान," मॅडम म्हणाल्या. "नवीन काही नाही. थांबलंय असं दिसतंय. गोळ्या बंद करू या."

शर्मिलाने मोठा श्वास सोडला. मी ओरडत होतो, आणि माझा आवाज म्हणजे नळ्यांच्या चोकची नुसती गुणगुण. मॅडमचा अंगठा बटणाकडे निघाला.

"म्याडम, थांबा जरा," राहीबाई म्हणाली.

ती टेबलावर वाकून काळ्या कापडाकडे बघत होती.

"काय झालं?"

"आज धागे चमकत नाय. सकालीच कापूस सांडला हाय इथं, मी झारलाच नाय अजून. तरी एक पन दिसत नाय."

मॅडमनी मला कापडावर धरलं. मग राहीबाईने खिडकीचा पडदा बाजूला केला. कापडावर ढीगभर बारीक कापूस पडलेला होता. मॅडमनी मला बंद केलं. 

"शर्मिलाताई, मी आत्ता जे बोलले ते धरू नका," त्या म्हणाल्या. "दिव्याचा जोर कमी झालाय. माझ्या लक्षात यायला हवं होतं. गोळ्या चालू ठेवा. दोन दिवसांनी या, मी दुसरा दिवा मागवते."

शर्मिलाचा चेहरा पडला. "म्हणजे आहे?"

"माहीत नाही. खोटं कशाला सांगू? या दिव्यावर विश्वास नाही ठेवता येत."

माझ्याविषयी कुणी बोललेलं हे सगळ्यात कठोर वाक्य. पण ते ऐकून मला हायसं वाटलं, हेही तितकंच खरं.

दोन दिवसांनी नवीन दिवा आला. माझ्याहून लहान, नळ्या नाहीत, बारीक टिकल्यांसारखे बल्ब. त्याने कानामागचे दोन्ही ठिपके एका क्षणात दाखवले. शर्मिला रडली. मग तोंड धुऊन आली आणि तिने विचारलं, "गोळ्या अजून किती महिने?" त्या दिवशी मला राहीबाईने फडक्यात गुंडाळलं. उघड्या हातांनी, न घाबरता. मॅडमनी माझ्या मुठीवर चिकटपट्टी लावून 'नळ्या बदलणे' असं लिहिलं आणि मी कपाटात गेलो.

अजून तिथेच आहे. बाजूला कापसाचे गठ्ठे आणि जुने केसपेपर. या मापाच्या नळ्या आता मिळत नाहीत, असं मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणाल्याचं मी ऐकलं. मिळतील की नाही, माहीत नाही. विझून जाण्याची मला तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती अर्धवट जळण्याची. जळतोय असं दिसावं आणि दाखवता मात्र काही येऊ नये, याची.

म्हणून एक विनंती करतो. माझ्या जातीचा दिवा ज्यांच्या हाती असेल त्यांनी आधी त्याला तपासावं, मग माणसाला. आणि तुम्ही दवाखान्यात नसाल, नुसते एखाद्या काउंटरसमोर उभे असाल, आणि ताट पुढे करणाऱ्या बोटांवर तुम्हाला पांढरं दिसलं, तर ताट घ्या. बोटांना लागलं तर लागू दे. काही होत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या मंगळवारी दुपारी कपाटाच्या फटीतून शर्मिलाचा आवाज आला. पडदे ओढल्याचं कळलं. नवीन दिवा पेटला असणार, त्याचा आवाज होत नाही. "आहे का काही?" तिने विचारलं. मॅडमची पावलं टेबलाभोवती फिरत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं, पुन्हा काही निघालं.

"कानामागे कडेने रंग यायला लागलाय," शेवटी मॅडम म्हणाल्या. "पापणीवरचा आहे तसाच आहे. बोटांचं मी काही वचन देत नाही, ताई. टोकांना रंग येणं अवघड असतं."

 मग खुर्ची सरकली.

"बोटांचं राहू दे," शर्मिला म्हणाली. "मी निघते. साडेचारच्या चहाला मला कॅन्टीनवर पोचायचंय."